भिंतीवरची टकटक

शेजारच्या रूममधल्या पार्टनरला चहाला बोलवायचं असेल तर आपण उठून जात नाही, भिंतीवर दोन दणके मारतो. पण अशाच टकटकीच्या आधाराने काही माणसांनी तुरुंगात वर्षानुवर्षं काढली, हे मला ॲडमिरल जेम्स स्टॉकडेल यांच्याविषयी वाचताना समजलं.

स्टॉकडेल यांचा जन्म २३ डिसेंबर १९२३ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. १९४६ साली नेव्हल अकॅडमीतून पास होऊन ते नौदलात गेले आणि पुढे फायटर पायलट झाले. नौदलानेच त्यांना स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकायला पाठवलं. तिथे त्यांना एपिक्टेटस भेटला, म्हणजे पुस्तकातून! हा प्राचीन काळातला तत्त्वज्ञ मूळचा गुलाम. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे आधी ओळखा, ही त्याची शिकवण.

ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात ज्या हल्ल्याच्या बातमीवरून अमेरिकेने बॉम्बहल्ले सुरू केले, त्या रात्री स्टॉकडेल तिथेच विमान उडवत होते. त्यांना शत्रूची एकही बोट दिसली नव्हती. हे गुपित घेऊनच ते ९ सप्टेंबर १९६५ ला शत्रूच्या हाती सापडले. विमान पडलं, पाय मोडला आणि तो कायमचा अधू झाला. हनोईच्या होआ लो तुरुंगात सात वर्षांहून जास्त काळ गेला. त्यातली चार वर्षं एकांतकोठडीत आणि दोन वर्षं पायात बेड्या.

कैद्यांना आपसात बोलायला बंदी होती. मग त्यांनी भिंतीलाच बोलकं केलं. पाच बाय पाचचं मॅट्रिक्स, त्यात इंग्रजी अक्षरं. ‘के’ गाळलेलं, त्याच्या जागी ‘सी’ चालवायचं. आधी रो ठोकायची, मग कॉलम. दोन आणि तीन टकटक म्हणजे ‘एच’. रात्री झोपताना देव तुझं भलं करो अशा अर्थाची तीन अक्षरं भिंतीपलीकडे जायची.

स्टॉकडेल कैदेतले सर्वांत वरिष्ठ नौदल अधिकारी. छळापुढे प्रत्येक जण कधी ना कधी मोडतो, हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं. मोडून परत आलेला माणूस शरमेने कोपऱ्यात बसायचा. अशा वेळी शेजारच्याने टकटक करायची, त्याने जे घडलं ते खरं सांगायचं, आणि सगळ्यांनी त्याला पुन्हा आपल्यात घ्यायचं. स्वतःपेक्षा एकी मोठी, हा त्यांचा नियम. १९६९ मध्ये प्रचाराच्या फिल्मसाठी आपला वापर होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःचा चेहरा स्टुलाने ठेचून घेतला. इकडे पत्नी सिबिल यांनी कैद्यांच्या कुटुंबीयांची संघटना उभी केली.

१२ फेब्रुवारी १९७३ ला ते सुटले. १९७६ मध्ये त्यांना मेडल ऑफ ऑनर मिळालं. नंतर ते नेव्हल वॉर कॉलेजचे प्रमुख झाले. ५ जुलै २००५ रोजी त्यांचं निधन झालं.

ते युद्ध बरोबर होतं का, यावर वाद होऊ शकतो. पण रिझल्ट लागल्यावर आपल्याही विंगमध्ये एखादी रूम आतून बंद असते. मेसला तो येत नाही, आणि आपण म्हणतो, जाऊ दे, झोपला असेल. मीही असं म्हटलंय. आता मात्र आधी टकटक करून बघतो.