रेव्हरंड नारायण वामन टिळक

या स्मरणिकेत दरवर्षी ज्ञातीतील एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र येते. टिळक आमच्या ज्ञातीचे नव्हेत. तरी यंदा त्यांचेच चरित्र का, ते पुढे कळेल.

६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणात करजगाव येथे त्यांचा जन्म झाला. कवी व संस्कृतज्ञ म्हणून नाव होत असता आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' वाचावयास दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. विद्वत्ता तीच, काव्यही तेच. पण स्वजनांच्या पंक्तीतील त्यांचे पान कायमचे उठले.

पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याचे अतोनात वेड असलेल्या पित्याच्या घरी वाढलेल्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे आल्या खऱ्या, परंतु चूल निराळी, पाणी निराळे. सहधर्मचारिणीलाच पती परका! पुढे विचारांती त्यांनी विटाळ मानणे सोडले आणि त्यानंतर, १९०० साली, बाप्तिस्मा घेतला. हा क्रम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. माणसाला दूर लोटणारी रीत त्यांनी सोडली, तेव्हा त्या हिंदूच होत्या.

१९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनानंतर बालकवी ठोमरे टिळकांच्या नगरच्या घरी राहिले. त्या ब्राह्मण मुलाला लक्ष्मीबाईंनी आईची माया दिली.

कुंपणे ख्रिस्ती मंडळींतही होतीच. टिळकांना अभंग-कीर्तन प्रिय. तुकोबांच्याच वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांस व न घेतलेल्यांसही जागा होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले.

आता कारण सांगतो. अनेक वर्षांपूर्वी ज्ञातिसंस्थेची कुटुंबसूची आमच्या हस्ताक्षरात तयार झाली. परधर्मात विवाह झाला म्हणून त्यातील एका कुटुंबाच्या नावावर रेघ मारावी असे ठरले. अक्षर चांगले म्हणून ते काम आमच्याकडे आले, आणि आम्ही पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. वर्गात टिळकांच्या कविता शिकविणारेही आम्हीच! ते कुटुंब अद्याप आमच्या मागल्या आळीत राहते. या अंकाची एक प्रत आम्ही स्वतः त्यांच्या घरी नेऊन देणार आहोत.