जेफ ॲस्टल: हेडरसाठी गाजलेला खेळाडू आणि त्याच्या मेंदूचा आजार

तुमचा मुलगा किंवा मुलगी फुटबॉलच्या कोचिंगला जात असेल, तर एक प्रश्न तुमच्या मनात कधी ना कधी आला असेल. डोक्याने चेंडू मारणे, म्हणजे हेडर, मेंदूसाठी सुरक्षित आहे का? आणि नसेल, तर त्यावर बंदी का घालत नाहीत? हा प्रश्न समजून घ्यायला इंग्लंडचे खेळाडू जेफ ॲस्टल यांचे आयुष्य उपयोगी पडते. त्यांच्या मृत्यूमुळेच या प्रश्नाकडे डॉक्टरांचे आणि फुटबॉल संघटनांचे गांभीर्याने लक्ष गेले.

खाणकामगारांच्या गावातला मुलगा

जेफ ॲस्टल यांचा जन्म १९४२ साली नॉटिंगहॅमशायरमधील ईस्टवुड या गावी झाला. हा कोळसा खाणींचा भाग. नॉट्स काउंटी या क्लबकडून त्यांनी व्यावसायिक फुटबॉल सुरू केला आणि १९६४ मध्ये ते वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या क्लबमध्ये आले. तिथे त्यांनी ३६१ सामन्यांत १७४ गोल केले. १९६८ च्या एफए कप स्पर्धेत त्यांनी प्रत्येक फेरीत गोल केला. एव्हर्टनविरुद्धच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत झालेला एकमेव गोलही त्यांचाच होता. १९६९-७० च्या हंगामात २५ गोल करून ते पहिल्या डिव्हिजनमध्ये सर्वाधिक गोल करणारे खेळाडू ठरले आणि १९७० मध्ये मेक्सिकोतील विश्वचषकात इंग्लंडकडून खेळले. चाहते त्यांना 'किंग' म्हणत.

त्यांचे खास कौशल्य म्हणजे हेडर. उंचावरून आलेला चेंडू ते कपाळाने जोरात जाळ्यात धाडत. पण हे कौशल्य सामन्यापुरते नव्हते. सरावात तोच फटका पुन्हा पुन्हा मारावा लागे. त्या काळचा चामड्याचा चेंडू पावसात पाणी शोषून जड होत असे. आजचा चेंडू पाणी शोषत नाही म्हणून धोका संपला, असे मात्र समजू नका. कोरड्या चेंडूचे वजन तेव्हाही ४१० ते ४५० ग्रॅम होते, आजही तेवढेच आहे. शिवाय आजचा चेंडू अधिक वेगाने येतो.

पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास सुरू झालेला विसर

निवृत्तीनंतर ॲस्टल यांनी साफसफाईचा छोटा व्यवसाय सुरू केला. १९९० च्या दशकात टीव्हीवरील एका विनोदी फुटबॉल कार्यक्रमात ते गाणी म्हणत, त्यामुळे नव्या पिढीलाही ते माहीत झाले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात, पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असल्याचे निदान झाले. आजार वेगाने वाढला. आपण फुटबॉल खेळाडू होतो, हेही अखेरीस त्यांना आठवत नव्हते, असे त्यांच्या कुटुंबीयांनी नंतर सांगितले. जानेवारी २००२ मध्ये मुलीच्या घरी गुदमरून त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते ५९ वर्षांचे होते.

इंग्लंडमध्ये अशा मृत्यूची चौकशी कॉरोनर नावाचा अधिकारी करतो. मुंबईतही पूर्वी हे पद होते. ॲस्टल यांच्या मेंदूची तपासणी झाली आणि वर्षानुवर्षे चेंडूचे धक्के बसल्याने मेंदूला इजा झाली, असा निष्कर्ष निघाला. नोव्हेंबर २००२ मध्ये कॉरोनरने मृत्यूचे कारण 'व्यवसायजन्य आजार' असे नोंदवले. दगडखाणीत काम करणाऱ्याला धुळीमुळे सिलिकोसिस होतो, तसाच हाही कामातून जडलेला आजार, असा त्याचा अर्थ.

बारा वर्षांनंतर आजाराचे नाव बदलले

२०१४ मध्ये मेंदूविकृतितज्ज्ञ डॉ. विली स्टुअर्ट यांनी ॲस्टल यांच्या जतन केलेल्या मेंदूची पुन्हा तपासणी केली. हा आजार 'क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी', म्हणजे सीटीई असल्याचे त्यांना आढळले. त्याआधी हा आजार मुख्यतः बॉक्सिंग खेळणाऱ्यांमध्ये ओळखला जात असे.

सीटीईमध्ये नेमके काय होते? आपला मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. डोक्याला झटका बसला की मेंदू आत हलतो आणि त्यातले नाजूक तंतू ताणले जातात. एखाद्या झटक्याने काही जाणवतही नाही. पण असे झटके हजारो वेळा बसले, तर काही जणांच्या मेंदूत 'टाऊ' नावाचे प्रथिन साचू लागते आणि पुढे पेशी मरू लागतात. लक्षणे बहुधा अनेक वर्षांनी दिसतात. या आजाराचे खात्रीचे निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते.

एका माणसावरून निष्कर्ष काढता येतो का?

हा प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा. एका रुग्णावरून नियम ठरवता येत नाही. म्हणून ग्लासगो येथे मोठा अभ्यास झाला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंची तुलना २३,०२८ सामान्य लोकांशी केली गेली. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू होण्याचे प्रमाण खेळाडूंमध्ये सुमारे साडेतीन पट होते. याच गटाच्या पुढील अभ्यासात बचावपटूंचा धोका सर्वांत जास्त आढळला. क्वचितच हेडर मारणाऱ्या गोलकीपरांचा धोका मात्र सामान्य लोकांच्या जवळपास होता.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. हृदयविकार आणि फुप्फुसाचा कर्करोग यांनी होणारे मृत्यू याच खेळाडूंमध्ये कमी होते. म्हणजे फुटबॉल शरीराला फायद्याचाच आहे. तसेच कोणी किती हेडर मारले, हे या अभ्यासात मोजलेले नव्हते. त्यामुळे संबंध ठळक दिसतो, पण हेडर हेच एकमेव कारण, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

मग बंदी घालावी का?

लहान मुलांसाठी माझे उत्तर 'हो' असे आहे. त्यांच्या मानेचे स्नायू कमकुवत असतात, शरीराच्या मानाने डोके मोठे असते आणि मेंदूची वाढ सुरू असते. हेडरशिवाय त्यांचे खेळात काहीच नुकसान होत नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये १० वर्षे व त्याखालील मुलांसाठी हेडर बंद करण्याचा निर्णय झाला. इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांच्या सरावातून हेडर काढले गेले. इंग्लंडमध्ये आता लहान गटांच्या सामन्यांतूनही ते टप्प्याटप्प्याने काढले जात आहेत.

मोठ्या खेळाडूंसाठी पूर्ण बंदी हाच एक मार्ग नाही. सामन्यापेक्षा सरावातले हेडर कमी करणे सोपे आहे आणि त्याने खेळ बदलत नाही. इंग्लंडमध्ये २०२१ पासून सरावात आठवड्याला जास्तीत जास्त १० जोरदार हेडर, अशी सूचना आहे.

पालकांनी काय करावे?

तुम्ही कोल्हापुरात असा, गोव्यात असा वा मुंबईत, मुलांचा फुटबॉल बंद करू नका. एवढे मात्र करा:

• मूल ११ वर्षांपर्यंतचे असेल, तर कोचना सरावात हेडर नको असे स्पष्ट सांगा.
• त्यापुढील वयात योग्य तंत्र शिकवले जाते का, हलका चेंडू वापरला जातो का, हे पाहा.
• डोक्याला मार लागल्यावर चक्कर, उलटी, डोकेदुखी, गोंधळ किंवा झोपाळूपणा दिसला, तर खेळ लगेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नका.

घरात माजी खेळाडू असतील तर

एकदोन गोष्टी विसरल्या म्हणून घाबरू नका. बहुतेक माजी खेळाडूंना हा आजार होत नाही. पण तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, स्वभावात बदल, पैशाच्या व्यवहारात गोंधळ असे होऊ लागले, तर न्यूरोलॉजिस्टना दाखवा आणि खेळाचा इतिहास आवर्जून सांगा. थायरॉइडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य अशी उपचार होण्याजोगी कारणेही असू शकतात. डिमेन्शिया वाढल्यावर गिळणे अवघड होते. अशा रुग्णाला ताठ बसवून लहान घास द्या आणि जेवताना एकटे सोडू नका.

ॲस्टल खेळत होते तेव्हा या धोक्याबद्दल त्यांना सावध करणारे कोणी नव्हते. आज ही माहिती आपल्याकडे आहे, आणि तिचा उपयोग आपल्या मुलांच्या पुढच्या सरावापासूनच करता येईल.