पारोची लव्हस्टोरी सगळ्यांना माहितीय, पण रॉबर्ट गिलची २० वर्षांची मेहनत कुठं गेली?

रॉबर्ट गिल म्हटलं की आधी आठवते ती पारो. अजिंठ्याला आलेला इंग्रज अधिकारी आणि त्याच्या प्रेमात पडलेली गावातली मुलगी. ना. धों. महानोरांनी या दोघांवर काव्य लिहिलं आणि २०१२ मध्ये नितीन चंद्रकांत देसाई यांनी त्यावर ‘अजिंठा’ हा सिनेमा काढला.

पण गिल ज्या कामासाठी इथं आला होता, त्याचं पुढं काय झालं हे फारसं कुणाला माहीत नाही.

१८०४ साली जन्मलेला गिल मद्रास आर्मीत अधिकारी होता. त्याच आर्मीतल्या जॉन स्मिथला १८१९ मध्ये शिकारीला आलेला असताना अजिंठ्याची लेणी दिसली. आसपासच्या लोकांना ती ठाऊक होतीच, पण आता बाहेरच्या जगात बोभाटा झाला. लोक येऊ लागले आणि चित्रं खराब होऊ लागली. अभ्यासक जेम्स फर्ग्युसनने १८४३ मध्ये हा विषय लावून धरला. चित्रं नष्ट होण्याआधी त्यांच्या नकला करून घ्या, असं ईस्ट इंडिया कंपनीला सांगण्यात आलं आणि १८४४ मध्ये हे काम गिलकडं आलं.

तेव्हा हा सगळा भाग निजामाच्या राज्यात होता. चहूबाजूंनी जंगल आणि लेण्यांमध्ये अंधार. भिंतीवरचं चित्र जेवढं, तेवढाच मोठा कॅनव्हास घेऊन गिल तैलरंगात नकला करायचा. १८५६ मध्ये पारो गेली. तिची कबर आजही अजिंठा गावात आहे. त्यानंतरही गिलचं काम चालूच राहिलं. १८६३ पर्यंत त्याने जवळपास ३० चित्रं पूर्ण करून लंडनला पाठवली.

तिथं ती सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना पाहायला लावली होती. डिसेंबर १८६६ मध्ये तिथं आग लागली आणि बहुतेक चित्रं जळून खाक झाली. वाचली ती मोजकीच, कारण ती तिथं लावलेलीच नव्हती. आज ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत.

सुदैवाने गिलने मधल्या काळात कॅमेराही हातात घेतला होता. त्याने काढलेल्या लेण्यांच्या फोटोंचं पुस्तक फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये छापून आलं होतं. भारतातल्या लेण्यांच्या सुरुवातीच्या फोटोंमध्ये त्याचे फोटो मोडतात.

गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

पुढं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्याच एका आगीत गेल्या.

यात भिंतीवरची मूळ चित्रंही सुटली नाहीत. नकला करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून लावलेलं व्हार्निश नंतर पिवळं-काळं पडलं. त्यामुळं दीडशे वर्षांपूर्वी ही चित्रं कशी दिसायची, हे सांगणारे मोजकेच पुरावे आपल्याकडं उरलेत. गिलचे वाचलेले कॅनव्हास आणि फोटो त्यातलेच.

त्यामुळं पुढच्या वेळी अजिंठ्याला गेलात, तर पारोसोबत गिलच्या ब्रशचीही आठवण काढा.