प्रा. सी. आर. नारायण राव

पावसाळ्याची पहिली सर कोसळली, की ओढ्याकाठी, भातखाचरांत आणि झुडपांत बेडकांचे स्वर घुमू लागतात. आपण ते ऐकतो आणि विसरून जातो. परंतु या उपेक्षित प्राण्याच्या अभ्यासात आयुष्य वेचणारे एक प्राणिशास्त्रज्ञ बंगळूर, म्हणजेच आजच्या बेंगळुरू शहरात होऊन गेले. त्यांचे नाव प्रा. सी. आर. नारायण राव.

नारायण राव यांचा जन्म १५ ऑगस्ट १८८२ रोजी कोइमतूर येथे झाला. बळ्ळारी येथे प्रारंभीचे शिक्षण घेऊन ते मद्रास ख्रिश्चन कॉलेजात दाखल झाले. प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर परीक्षेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर त्यांनी अध्यापनाची पदवी संपादन केली आणि कोइमतूर व एर्नाकुलम येथे शिकविले. पुढे ते बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात आले. तेथे प्राणिशास्त्र विभागाची उभारणी त्यांनीच केली. विद्यार्थ्यांनी केवळ ग्रंथांतील वर्णने पाठ करावीत, हे त्यांना मान्य नव्हते. विद्यार्थ्याने स्वतः पाहावे, स्वतः शोधावे, यावर त्यांचा भर असे.

बेडूक हा प्राणिशास्त्राचा फार जुना सोबती आहे. १६६१ साली इटलीतील मालपीगी या शास्त्रज्ञाने बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या आणि रक्त धमन्यांतून शिरांत कसे जाते, या कोड्याचा उलगडा झाला. बेडकाची ऊती मेणात बसवून तिचे अतिशय पातळ छेद घेतले आणि त्यांना योग्य रंजक दिले, की सूक्ष्मदर्शकाखाली एक निराळेच जग उघडते. ओलसर त्वचेखाली केशवाहिन्यांचे दाट जाळे दिसते, कारण बेडूक त्वचेनेही श्वसन करतो. त्वचेतील काही ग्रंथी ओलावा राखणारा श्लेष्म स्रवतात, तर काही शत्रूला दूर ठेवणारे विषारी द्रव्य. बेडकाचा भाईबंद असलेल्या भेकाची कातडी जाड व खडबडीत असते आणि त्याच्या डोळ्यांमागे विषग्रंथींचे दोन फुगीर उंचवटे असतात. बेडकाच्या तांबड्या रक्तपेशी लंबगोल असून त्यांत केंद्रक असते. माणसाच्या परिपक्व तांबड्या पेशीत ते नसते.

अशा सूक्ष्म निरीक्षणाची राव यांना ओढ होती. लोरिस या मोठ्या डोळ्यांच्या निशाचर प्राण्याचे अंडाशय व अंडपेशी यांच्या रचनेवर त्यांनी लिहिलेला निबंध १९२७ साली इंग्लंडमधील सूक्ष्मदर्शनविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हीच दृष्टी त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना दिली. एल. एस. रामस्वामी यांनी बेडकांच्या कवटीच्या रचनेचा सखोल अभ्यास केला. बी. आर. शेषाचार यांनी देवगांडूळ या पाय नसलेल्या उभयचराच्या पेशींचे संशोधन केले आणि पुढे दिल्ली विद्यापीठातील प्राणिशास्त्र विभागाचे नेतृत्व केले.

प्रयोगशाळेइतकेच राव यांचे मन सह्याद्रीच्या अरण्यांत रमत असे. १९२५ साली त्यांनी रामण्णा यांच्यासमवेत रामनेला ही बेडकांची नवी प्रजाती शास्त्रजगतापुढे मांडली. १९३७ साली, म्हणजे निवृत्तीच्याच वर्षी, दक्षिण भारतातील अनेक नव्या बेडकांचे वर्णन करणारा त्यांचा महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध झाला. हासन जिल्ह्यातील सकलेशपूर व केंपहोळे, तसेच अनमलै डोंगराचा पायथा, अशा ठिकाणांचे बेडूक त्यात होते.

दरम्यान त्यांनी आणखी एक जबाबदारी स्वीकारली होती. भारतीय संशोधकांचे कार्य एकमेकांपर्यंत त्वरेने पोहोचावे, या हेतूने जुलै १९३२ मध्ये बंगळूर येथून करंट सायन्स हे नियतकालिक सुरू झाले. त्याचे संपादकपद राव यांच्याकडे होते. वयाच्या पन्नाशीत अध्यापन व संशोधन सांभाळून त्यांनी हा भार वाहिला. २ जानेवारी १९६० रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कार्याला मात्र एक दुर्दैवी कलाटणी मिळाली. नव्या जातीचे वर्णन ज्या नमुन्यावरून केले जाते, तो नमुना जपून ठेवावा लागतो. कारण पुढे शंका आल्यास त्याच्याशीच ताडून पाहायचे असते. राव यांनी सेंट्रल कॉलेजच्या संग्रहात ठेवलेले नमुने कालांतराने हरवले. त्यांनी वर्णिलेले कित्येक बेडूक त्यामुळे केवळ कागदावर उरले. ते खरोखरच वेगळे होते की नाही, हे ठरविणेही कठीण झाले. तरीही राव यांचे शब्द व त्यांनी नोंदविलेली ठिकाणे शिल्लक होती. त्यांचाच माग काढीत नवे संशोधक रानात गेले. अनमलैच्या पायथ्याचा त्यांचा बेडूक तर सुमारे आठ दशकांनी पुन्हा ओळखला गेला आणि २०१८ साली त्याचे नव्याने वर्णन झाले.

२०१० साली एस. डी. बिजू, योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झुडूपबेडकांच्या एका प्रजातीला राव यांच्या स्मरणार्थ राओर्केस्टिस हे नाव दिले. या बेडकांत टॅडपोलची अवस्था नसते. अंड्यातून थेट इवलासा बेडूकच बाहेर येतो. विशेष म्हणजे, हे नाव ज्या निबंधातून जाहीर झाले, तो करंट सायन्समध्येच छापला गेला होता. नमुने नष्ट होतात, माणसे काळाच्या पडद्याआड जातात. परंतु डोळसपणे पाहून प्रामाणिकपणे केलेली नोंद पुढच्या पिढीला वाट दाखविते. राव यांच्या जीवनातून हीच गोष्ट आपण शिकावी. सह्याद्रीच्या झुडपांतून पावसाळी रात्री उमटणाऱ्या त्या टिकटिक स्वरांत आज त्यांचेही नाव मिसळले आहे.