गणिताच्या वर्गातून कुलगुरूंच्या खुर्चीपर्यंत

विद्यापीठाचा कुलगुरू किंवा महाविद्यालयाचा प्राचार्य कसा घडतो, या प्रश्नाचे ठाम उत्तर आपल्या शिक्षणव्यवस्थेने फारसे शोधलेले नाही. उत्तम अध्यापक हा आपोआप उत्तम प्रशासक होतो, असे गृहीत धरूनच बहुतेक नेमणुका होत आल्या. प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी अ‍ॅकेडमिक स्टाफ कॉलेजे निघाली तीही १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याच्या कितीतरी आधी, १९०२ मध्ये, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाची धुरा अवघ्या सव्वीस वर्षांच्या एका तरुणाच्या हाती सोपविण्यात आली. त्याच्यापाशी केंब्रिजचा सर्वोच्च गणिती बहुमान होता, पण संस्था चालविण्याचा अनुभव शून्य होता. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, म्हणजेच रँग्लर परांजपे, हे पुढे तीन विद्यापीठांचे कुलगुरू झाले. ही विद्या त्यांनी कोणत्याही वर्गात न बसता, चुकत, टीका झेलत आणि प्रसंगी पराभव पचवत आत्मसात केली.

परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ चा. गाव रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळचे मुर्डी. कोकणातील त्या काळच्या कोणत्याही हुशार मुलापुढे असे तेच प्रश्न त्यांच्यापुढेही होते. शाळा संपली की पुढे काय, आणि पुढे जायचे तर कोणाच्या आधाराने? हा आधार त्यांना नात्यातील एका गणिताच्या शिक्षकाने दिला. धोंडो केशव कर्वे हे ते शिक्षक. महर्षी ही पदवी त्यांच्या नावामागे लागायला अजून फार अवकाश होता. कर्व्यांच्या घरी राहून परांजपे मुंबईत शिकले आणि कर्वे फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक म्हणून गेल्यावर तेही पुण्यास आले. विद्यापीठाच्या परीक्षांत अग्रस्थान मिळवून, सरकारी शिष्यवृत्तीवर ते १८९६ मध्ये केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले.

केंब्रिजच्या गणित ट्रायपॉस परीक्षेचा दबदबा आजच्या वाचकाला उमगणे थोडे कठीण आहे. या परीक्षेत प्रथम वर्गात येणारे ते रँग्लर आणि त्यांत पहिला येणारा सीनियर रँग्लर. निकालाच्या दिवशी ही यादी मोठ्याने वाचून दाखविली जाई आणि सीनियर रँग्लरचे नाव इंग्लंडभरच्या वृत्तपत्रांत झळके. भारतीयांपैकी आनंदमोहन बोस हे १८७४ मध्ये पहिले रँग्लर झाले होते, पण पहिला क्रमांक कोणत्याही भारतीयाच्या वाट्याला आला नव्हता. १८९९ मध्ये परांजपे आणि जॉर्ज बर्टविसल या दोघांना तो विभागून मिळाला. मुर्डीच्या मुलाची कीर्ती एका दिवसात साऱ्या देशात पोचली. (गुणानुक्रमाची ही यादी विद्यापीठाने १९०९ नंतर बंदच केली.) पुढे सेंट जॉन्सची फेलोशिप, पॅरिस व गॉटिंगेन येथील अध्ययन हे टप्पेही झाले.

खरी कसोटी यानंतर लागली. सरकारी शिक्षण खात्यात मानाची आणि भरघोस पगाराची जागा त्यांना सहज मिळाली असती. परांजपे यांनी मात्र डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्यत्व पत्करले. हे सदस्य वीस वर्षे संस्थेची सेवा करण्यास बांधलेले असत आणि त्यांचे वेतन सरकारी प्राध्यापकाच्या वेतनाच्या मानाने अगदी तुटपुंजे असे. १८८४ मध्ये संस्था स्थापन झाली तेव्हापासूनची ही रीत. तिच्या पायी संस्थेत भांडणेही झाली होती. बाहेरच्या उत्पन्नाच्या वादातूनच १८९० मध्ये टिळक संस्थेबाहेर पडले. पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे १८९२ मध्ये आणि त्यांच्यामागून आलेले गोपाळ गणेश आगरकर १८९५ मध्ये निवर्तले. दोघेही चाळिशीच्या आत. त्यानंतर महादेव शिवराम गोळे यांनी सात वर्षे भार सांभाळला. १९०२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखलेही महाविद्यालयातून निवृत्त झाले. अशा वेळी परांजपे प्राचार्य झाले.

या पदाची एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. फर्ग्युसनचा प्राचार्य हा मालक नव्हता, की सरकारने नेमलेला अधिकारीही नव्हता. निर्णय आजीव सदस्यांच्या मंडळात बहुमताने होत. ज्यांच्यावर प्रशासन करायचे, त्यांच्याच मतावर प्राचार्याला अवलंबून राहावे लागे. त्यातच मंडळात परांजपे यांच्याहून वयाने आणि सेवेने वडील अशी माणसे होती. ज्यांच्या घरी राहून ते लहानाचे मोठे झाले ते कर्वे तर गणिताच्याच विभागात शिकवीत होते. विद्यार्थी आणि आश्रित म्हणून ज्यांच्याकडे पाहिले, त्यांचे आता सहकारी आणि प्रमुख व्हायचे, ही अवघड तारेवरची कसरत होती. ती परांजपे यांना सुमारे दोन दशके करता आली, याचे श्रेय त्यांच्या स्वभावातील एका गुणाला द्यावे लागेल. मतभेद आणि वैर यांची गल्लत ते करीत नसत. त्यांचा स्वभाव रोखठोक होता. मन वळविण्यापेक्षा आपली बाजू मांडून मोकळे होण्याकडे कल अधिक. हा गुण काही वेळा उपयोगी पडला, काही वेळा नडला.

नडला तो १९०५ मध्ये. वंगभंगाच्या विरोधात देशभर स्वदेशीची लाट उसळली होती. ऑक्टोबरमध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटली. तिच्या पुढाकारात फर्ग्युसनच्या वसतिगृहात राहणारे विनायक दामोदर सावरकर होते आणि या कार्यक्रमाला टिळकांचा पाठिंबा होता. ज्या महाविद्यालयाच्या संस्थापकांत टिळक होते आणि जिथे त्यांनी एके काळी गणितच शिकविले, त्याच महाविद्यालयाच्या प्राचार्याने सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. केसरीने यावर कडक टीका केली. विद्यार्थ्यांची सहानुभूती अर्थातच सावरकरांकडे होती.

परांजपे यांची बाजू समजून घेता येते. महाविद्यालयाला सरकारी अनुदान मिळे आणि विद्यापीठाची संलग्नता सांभाळावी लागे. बंगालमध्ये त्याच महिन्यात निघालेल्या कार्लाइल परिपत्रकाने, विद्यार्थी चळवळीत उतरल्यास शाळा-महाविद्यालयांचे अनुदान बंद करण्याची धमकी दिली होती. आपल्या हयातीत उभी राहिलेली लोकवर्गणीची संस्था एका होळीपायी बंद पडू नये, असे वाटणाऱ्या प्राचार्याची भीती अगदीच निराधार नव्हती. शिवाय परांजपे मनाने गोखल्यांच्या मवाळ पंथाचे. विद्यार्थ्यांनी राजकारणात पडू नये, हे त्यांचे प्रामाणिक मत होते. तरीही वसतिगृहाचे दार बंद करण्याचा निर्णय संस्थेला वाचविणारा ठरला की संस्थेचे मन दुखविणारा, हा प्रश्न उरतोच. त्या घटनेची सावली परांजपे यांच्या नावावर कायम राहिली. महाराष्ट्रात आजही अनेकांना ते सीनियर रँग्लर म्हणून नव्हे, तर सावरकरांना दंड करणारे प्राचार्य म्हणून आठवतात. प्रमुखपदावरील माणसाच्या वीस वर्षांच्या कामातले नेमके एकच पान लोक वाचतात, असे अनेकदा घडते.

बाकीची पाने मात्र भरगच्च आहेत. आचार्य कृपलानी, काका कालेलकर यांच्यासारखे विद्यार्थी याच काळात फर्ग्युसनमध्ये शिकले. १९१२ मध्ये पाली भाषेच्या अध्यापनासाठी गोव्याचे धर्मानंद कोसंबी महाविद्यालयात आले. औपचारिक इंग्रजी शिक्षण नसलेल्या, श्रीलंका आणि ब्रह्मदेशातील विहारांत शिकलेल्या या विद्वानाला प्राध्यापकाची जागा देणे हे त्या वेळच्या चौकटीत सोपे नव्हते. ज्या व्यासंगाचा आपल्याला गंध नाही, त्यालाही महाविद्यालयात जागा असली पाहिजे, हे गणितज्ञ प्राचार्याच्या काळात घडले. १९१९ मध्ये सोसायटीने सांगलीला विलिंग्डन महाविद्यालय काढले आणि पुण्याबाहेर उच्च शिक्षणाची एक नवी वाट खुली झाली.

याच सुमारास कर्व्यांनी भारतीय महिला विद्यापीठाचा घाट घातला. १९१६ मध्ये ते सुरू झाले तेव्हा विद्यार्थिनींची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. सरकारी मान्यता नव्हती, शिक्षणाचे माध्यम मराठी होते आणि इंग्रजी शिकलेला वर्ग या प्रयोगाकडे संशयाने पाहत होता. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती झाले आणि परांजपे कुलगुरू. केंब्रिजचा फेलो अशा विद्यापीठाचा कुलगुरू होतो, यात प्रतिष्ठेचा प्रश्नच नव्हता. उलट प्रतिष्ठा पणाला लावायची होती. १९२० पर्यंत त्यांनी हे पद सांभाळले. त्याच वर्षी ठाकरसी कुटुंबाच्या पंधरा लाखांच्या देणगीने विद्यापीठाला स्थैर्य आले. फर्ग्युसनमधील मंडळाचे राजकारण आणि हिंगण्याचा हा नवा प्रयोग, दोन्ही एकाच माणसाने एकाच वेळी हाताळले, हे आज थोडे नवलाचे वाटते.

१९२१ मध्ये मुंबई इलाख्यात द्विदल राज्यपद्धती आली आणि परांजपे शिक्षणमंत्री झाले. महात्मा गांधींच्या असहकाराच्या हाकेने विद्यार्थी महाविद्यालये सोडून जात होते, तेव्हा हे गृहस्थ सरकारी शिक्षणाची जबाबदारी घेऊन बसले होते. लोकप्रियतेच्या दृष्टीने याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती. त्यात या पदाची गोम अशी की, शिक्षण खाते लोकनियुक्त मंत्र्याकडे, पण तिजोरीची किल्ली गव्हर्नरच्या राखीव खात्याकडे. धोरण आखायचे आणि पैशासाठी दुसऱ्याच्या दारी उभे राहायचे. तशाही स्थितीत १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा संमत झाला. नारायण गणेश चंदावरकर यांच्या समितीने त्याची पूर्वतयारी केली होती. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी या कायद्याने स्थानिक संस्थांकडे आली. अस्पृश्य विद्यार्थ्यांना प्रवेश नाकारणाऱ्या शिक्षणसंस्थांना अनुदान मिळणार नाही, असा सरकारी ठरावही १९२३ चाच. कागदावरचा ठराव आणि गावातली शाळा यांच्यात मोठे अंतर होते. अनेक ठिकाणी त्याची अंमलबजावणी झालीच नाही. मात्र ज्या हत्याराचा, म्हणजे अनुदान बंद होण्याचा, धाक फर्ग्युसनच्या प्राचार्याने १९०५ मध्ये मनात बाळगला असावा, तेच हत्यार आता वंचितांच्या बाजूने उगारले जात होते.

मंत्रिपद गेल्यावर १९२४ मध्ये सुधारणांचा आढावा घेणाऱ्या मुडिमन समितीवर त्यांची नेमणूक झाली. तेजबहादूर सप्रू, शिवस्वामी अय्यर आणि जीना यांच्याबरोबर त्यांनी अल्पमताच्या अहवालावर सही केली. द्विदल पद्धत चालणारी नाही, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. रिकाम्या तिजोरीपुढे बसलेल्या मंत्र्याचा अनुभव त्या सहीमागे होता.

पुढची वर्षे वेगाने सरली. १९२७ ते १९३२ लंडनमध्ये इंडिया कौन्सिलचे सदस्यत्व, १९३२ ते १९३८ लखनौ विद्यापीठाचे कुलगुरूपद, १९४२ मध्ये सर ही पदवी, १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात भारताचे हाय कमिशनर. आजोबांबरोबर तेथे राहिलेली नात पुढे चित्रपट दिग्दर्शिका सई परांजपे म्हणून ख्यातनाम झाली. कन्या शकुंतला यांनी केंब्रिजमध्येच गणिताचे शिक्षण घेतले आणि मायदेशी कुटुंबनियोजनाचे काम तेव्हाच्या समाजाला न रुचणाऱ्या निर्धाराने केले. घरातले हे वातावरण परांजपे यांच्या बुद्धिवादाशी सुसंगत होते. १९४९ मध्ये मद्रासला स्थापन झालेल्या इंडियन रॅशनॅलिस्ट असोसिएशनचे ते पहिले अध्यक्ष होते. देवधर्माविषयीची आपली मते त्यांनी पदासाठी कधी झाकून ठेवली नाहीत.

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ मधील. पहिले कुलगुरू डॉ. मुकुंद रामराव जयकर १९५६ मध्ये पायउतार झाले, तेव्हा विद्यापीठाने ऐंशी वर्षांच्या परांजपे यांना बोलावले. सव्वीसाव्या वर्षी प्राचार्य झालेला माणूस ऐंशीव्या वर्षी त्याच शहरात कुलगुरू झाला. १९५९ मध्ये ते या पदावरून निवृत्त झाले. दोन वर्षांनी त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. क्रिकेटच्या भाषेतले त्याचे शीर्षक होते 'एटी फोर, नॉट आऊट'. डाव आणखी पाच वर्षे चालला. ६ मे १९६६ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षानंतर, परांजपे यांचे निधन झाले.