हाल्डेन, हिवताप आणि आपला सिकलसेल

केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या तालुक्यांत सिकलसेल म्हणजे काय, हे फारसे समजावून सांगावे लागत नाही. हातपाय दुखतात, डोळे पिवळे होतात, रक्त चढवावे लागते. असा घातक दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकतो कसा? या कोड्याचा धागा ज्यांनी पकडला, ते जे. बी. एस. हाल्डेन उतारवयात भारताचे नागरिक झाले होते.

त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डला झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन खाणींतील विषारी वायूंचे परिणाम स्वतःवर तपासत आणि लहान मुलालाही खाणीत नेत. मुलाने पुढे हेच केले. हवेच्या दाबाच्या प्रयोगांत त्यांच्या कानाचा पडदा फाटला. विज्ञानाची पदवी मात्र त्यांच्याकडे नव्हती. शिक्षण झाले गणित आणि ग्रीक-लॅटिनचे! पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात जखमी झाल्यावर ते उपचारासाठी प्रथम भारतात आले.

भूमध्य समुद्राकाठच्या हिवतापाच्या प्रदेशांत थॅलेसेमिया जास्त का, याचे उत्तर त्यांनी १९४९ मध्ये सुचवले. आई किंवा वडील, एकाकडूनच सदोष जनुक आलेली व्यक्ती हिवतापाला अधिक तोंड देत असावी. सिकलसेलबाबत अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून हेच दाखवले. रान मोडून शेती आली, पाणी साचले, डास वाढले. त्यात ज्यांच्याकडे हा एक जनुक होता ते तगले. म्हणजे माणसाच्या राहणीनेच हा जनुक राखला. पणजोबांना ज्याने वाचवले, तोच आज पणतवाला छळतो.

१९५७ मध्ये हाल्डेन कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, धोतर-कुर्ता घालू लागले, शाकाहारी झाले. पुढच्याच वर्षी नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. हाल्डेन यांचे शिष्य तेव्हा आंध्रात मामा-भाचीच्या लग्नांचा अभ्यास करू लागले होते. नात्यातल्या लग्नात दोन्हीकडून तोच जनुक येण्याची शक्यता वाढते, आणि आपल्याकडे मामेबहिणीशी लग्न नवीन नाही.

हिशेब सोपा आहे. एएस व्यक्ती वाहक असते, सहसा आजारी नसते. पण आई-वडील दोघेही एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस, म्हणजे रुग्ण, होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून पत्रिकेआधी रक्त तपासावे. आधी सोल्युबिलिटी चाचणी, मग खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस. वाहक निघाल्याचे लपवण्यासारखे त्यात काही नाही. एसएस रुग्णाला त्रास किती होईल, हेही केवळ जनुकावर ठरत नाही. पाणी न पिता दिवसभर रानात राबणे, थंडीत कुडकुडणे, ताप अंगावर काढणे यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. भरपूर पाणी, फॉलिक ॲसिड आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया यांनी बराच फरक पडतो.

१९६१ मध्ये नागरिकत्व घेतल्यावर हाल्डेन भुवनेश्वरला गेले आणि तिथे त्यांनी जनुकशास्त्राची प्रयोगशाळा उभारली. कर्करोग झाल्यावर त्यांनी त्यावर विनोदी कविता लिहिली. लोकांनी वेळीच डॉक्टरकडे जावे, हा तिचा रोख. १ डिसेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देह काकीनाड्याच्या रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.