एमिल बोदो

झां-मोरिस-एमिल बोदो (११ सप्टेंबर, १८४५:मान्यो, ओत-मार्न, फ्रान्स - २८ मार्च, १९०३:सो, फ्रान्स) हे फ्रेंच तारायंत्र-अभियंते होते. प्रत्येक अक्षरासाठी पाच समान विद्युत्संकेत योजणारी लिपी त्यांनी रचली आणि एकाच तारेवरून अनेक संदेश आळीपाळीने पाठविणारे यंत्र घडविले. संगणकातील अक्षरसंकेतनाचा इतिहास मागे शोधत गेल्यास तो त्यांच्यापर्यंत येऊन पोहोचतो.

पूर्वायुष्य

बोदो हे शेतकऱ्याचे पुत्र. गावच्या प्राथमिक शाळेपलीकडे त्यांचे शिक्षण झाले नाही. काही वर्षे शेतीत काम केल्यावर १८६९ मध्ये ते फ्रान्सच्या तारखात्यात उमेदवार म्हणून लागले. तेथे ते मोर्सचे यंत्र शिकले. पुढे पियानोसारख्या पट्ट्यांच्या ह्यूज छपाई-तारायंत्राचे चार महिन्यांचे प्रशिक्षणही त्यांना मिळाले. फ्रान्स-प्रशिया युद्धात थोडा काळ सेवा करून ते १८७२ मध्ये पॅरिसला परतले.

संशोधन

ह्यूजच्या यंत्रावर काम करताना, तार बहुतांश वेळ रिकामीच राहते, हे त्यांच्या ध्यानी आले. हा वाया जाणारा वेळ अनेक तारमास्तरांत वाटून द्यावा, या विचारातून त्यांनी यंत्र तयार केले व १७ जून, १८७४ रोजी त्याचे पेटंट घेतले. खात्याचे उत्तेजन होते, पण काम स्वतःच्या वेळात करायचे होते.

मोर्सच्या लिपीत अक्षरांची लांबी कमीअधिक असते. बोदोंनी प्रत्येक अक्षराला पाचच संकेत दिले, त्यामुळे एकूण ३२ जुळण्या होतात. अक्षरे, अंक व विरामचिन्हे एवढ्यात मावणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी दोन कप्पे केले आणि कप्पा बदलण्यासाठी वेगळे संकेत राखून ठेवले. एकच जुळणी एका कप्प्यात अक्षर, तर दुसऱ्यात अंक ठरे. कप्पाबदलाचा संकेत वाटेत बिघडला, तर पुढचा मजकूर अंकांचा ढीग होऊन उमटे.

कळफलकाला पाचच कळा होत्या. दोन डाव्या हातासाठी, तीन उजव्या. यंत्राने दिलेल्या ठोक्याच्या लयीतच त्या दाबाव्या लागत. मिनिटाला सुमारे तीस शब्दांची ही लय सांभाळणे कष्टाचे होते. पद्धतीचा खरा उणेपणा तोच म्हणावा लागेल.

पॅरिस-बोर्दो मार्गावर १२ नोव्हेंबर, १८७७ रोजी चाचणी झाली. १८७८ च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात यंत्राला सुवर्णपदक मिळाले. खात्याकडून अर्थसाहाय्य तुटपुंजे असल्याने प्रयोगांसाठी बोदोंना ते पदकही विकावे लागले.

वाद

पाच संकेतांच्या कल्पनेवर लुई व्हिक्टर मिमो यांनी अग्रहक्क सांगून १८७७ मध्ये दावा लावला. पहिल्या न्यायालयाने तो मान्य करून बोदोंचे काम केवळ सुधारणा ठरविले. बोदो व मिमो दोघांनाही हा निकाल समाधानकारक वाटला नाही. पुढे तो निकाल फिरविण्यात आला. १८८२ मध्ये बोदो खात्यात निरीक्षक-अभियंता झाले.

उत्तरायुष्य

जानेवारी १८९० मध्ये त्यांचा विवाह झाला. पत्नी एप्रिलमध्येच निवर्तली. १८९८ मध्ये त्यांना लेजियों द'नरचा अधिकारी हा दर्जा मिळाला. वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा

न्यू झीलंडचे डोनाल्ड मरे यांनी १९०१ च्या सुमारास ही लिपी टंकयंत्राच्या कळफलकासाठी नव्याने मांडली, आणि लयीचा जाच संपला. संकेतांच्या वेगाच्या एककाला १९२६ मध्ये बोदोंच्या नावावरून 'बॉड' हे नाव मिळाले.

कप्प्यांचा प्रश्न मात्र संगणकातही उरला. सी या भाषेत मुळात एका अक्षराला एकच बाइट गृहीत होता. जपानीच्या काही बहुबाइटी संकेतनांत बोदोंच्या लिपीप्रमाणेच कप्पाबदलाचे संकेत आले. यावर तोडगा म्हणून सी भाषेत प्रत्येक अक्षराला स्वतंत्र, पुरेशी जागा देणारे 'वाइड कॅरेक्टर' आले. ती स्टँडर्ड आउटपुटवर लिहिणारी फंक्शने १९९५ च्या पुरवणीने मानकात आणली. बाहेर पडताना या अक्षरांचे पुन्हा बाइट होतात, आणि चालू कप्पा लक्षात ठेवण्यासाठी मानकाने वेगळा डेटाप्रकारच राखला आहे. कोणत्या संकेतनात लिहायचे हे प्रोग्रॅमने आधी लोकेल निवडून सांगावे लागते. यूटीएफ-८ मध्ये कप्पाबदल नाही. तेथे देवनागरी 'क' तीन बाइटांत लिहिला जातो.